अडत्याची टर्म शीट

बंगळुरूचे व्हेंचर कॅपिटलवाले म्हणे सौदा पटकावण्यासाठी आधी संस्थापकाशी घरोबा वाढवतात. आळंद-भालकीच्या अडत्याला हे कुणी शिकवलं? तो मृगात बी-खताला उचल देतो, पोरीच्या लग्नात मांडवाशी उभा राहतो. मग तुरीचं पोतं दुसऱ्या दुकानात उतरायची काय बिशाद! दुसरीकडे न जाण्याची हीच अट फंडवाले वकील लावून टर्म शीटमध्ये पानंच्या पानं लिहून घेतात. अडत्याला लाल वही पुरते. फंडवाला साधारणपणे दुसऱ्यांच्या पैशावर वर्षाला 2 टक्के फी आणि नफ्यात 20 टक्के वाटा घेतो. कंपनी बुडाली की हात झटकतो. अडत्या बुडालेली उचल पुढच्या हंगामावर चढवतो, व्याजासकट. याच पट्ट्यातल्या कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उचलीवरचं व्याज मात्र अजून अडत्याच ठरवतो.