दिवा न लावणारे पोलीस

कोपनहेगनचे पोलीस दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर दिवा लावत नाहीत. दार उघडं असतं, बटण हाताशी असतं, लोडशेडिंगचं नाव नसतं; तरी बाई खिशातून विजेरी काढते आणि तेवढ्याशा उजेडात तळघरापासून माळ्यापर्यंत सगळं घर धुंडाळते. ‘अगं बये, दिवा लाव की!’ असं आमच्या घरातून तिला दर भागात ओरडून सांगितलं जातं. डॅनिश गुन्हेमालिकांना सगळे वास्तववादी म्हणतात. विजेरीचं सोडलं तर मीही म्हणतो.

तिकडे काळोखाला तोटा नाहीच म्हणा. नोव्हेंबरअखेर कोपनहेगनला दुपारचे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, आणि ‘फोरब्रूदेल्सन’, म्हणजे जगभर ‘द किलिंग’ या नावानं गाजलेली मालिका, नेमकी नोव्हेंबरात घडते. 2007 साली डीआर या तिथल्या सार्वजनिक वाहिनीनं ती दाखवली, रविवारी रात्री आठला. सोरेन स्वाइस्ट्रुप यांनी लिहिलेल्या पहिल्या पर्वात 20 भाग, तपास एकाच खुनाचा, आणि प्रत्येक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस.

संथपणा आपल्याला नवा नाही. सुनेच्या हातून पूजेचं ताट पडायला आपल्याकडे सोमवार ते बुधवार लागतात, आणि त्या वेळात घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीनदा दाखवून होतो. पण डेन्मार्कात तोच वेळ कामात जातो. कुणीतरी फोनची यादी तपासत असतं, कुणी गाडीच्या नोंदवहीतली एक ओळ पुन्हा पुन्हा वाचत असतं, कुणाचा साहेब ‘हे पुरेसं नाही’ म्हणून कागद परत करत असतो. नोकरी केलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटतं. दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ पाहिलेल्या पिढीला तर असे साधे, दमलेले पोलीस आठवतही असतील. ती मालिका करणाऱ्या बी. पी. सिंगांनीच पुढे ‘सीआयडी’ काढली आणि दारं तुटायला लागली.

सोफी ग्रोबोलनं उभी केलेली सारा लुंड दारं तोडत नाही. ती नुसती बघत राहते. खरं तर नोकरीतला तिचा शेवटचा दिवस. मुलाला घेऊन स्वीडनला होणाऱ्या नवऱ्याकडे राहायला जायचं ठरलेलं. पण खून होतो, विमान चुकतं, मग पुढचंही चुकतं. तिच्या जागी आलेला मायर तिच्याच टेबलाशी काहीबाही खात, वैतागत बसलेला, मुलगा रुसलेला, आणि आई जे बोलते ते भाषा न कळताही आपल्याला पाठ असतं.

अंगावर दिवसचे दिवस तोच एक लोकरी स्वेटर. फेरो बेटांवर विणलेला हा स्वेटर ग्रोबोलबाईंनी स्वतः निवडला होता. शालू नेसून, दागिन्यांसकट झोपायला जाणाऱ्या नायिकांची सवय असलेल्या माझ्यासारख्याला तो स्वेटर पाहूनच विश्वास बसला की या बाईला खरंच काम आहे. इंग्लंडात तर त्याचं एवढं वेड लागलं की 2012 साली चार्ल्स आणि कॅमिला या मालिकेच्या सेटवर गेले, तेव्हा कॅमिलाबाईंना तसाच एक स्वेटर भेट मिळाला.

पण स्वेटरसाठी कुणी 20 भाग बसत नाही. मला खिळवून ठेवलं ते बिर्क लार्सन यांच्या घरानं. नान्ना ही त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी. वडील टायस लोकांची घरं हलवून द्यायचा धंदा करतात. ट्रक, खोकी, हमाली. पहिल्याच भागात पोलीस पाण्यातून एक गाडी बाहेर काढत असतात आणि टायस तिथं येऊन पोचतो. त्याच्या हातात फोन आहे, पलीकडे बायको पर्निला. त्याला पुढं जाऊ देत नाहीत, तो कोसळतो. फोन कुणी बंद केलेला नाही. पर्निलाला काहीही सांगितलं जात नाही. नवऱ्याच्या आवाजावरून तिला कळतं.

रहस्यकथेत प्रेत हे निमित्तमात्र असतं. दिवाणखान्यात ते सापडतं, आणि चौथ्या पानावर गुप्तहेराची ऐट सुरू झाली की कुणी त्याची विचारपूस करत नाही. इथं मात्र मालिका शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा त्याच घरात जाते. धाकट्या दोन मुलांना ताईबद्दल काय सांगायचं? धंदा कधी उघडायचा? आपल्याकडे सुतकाचे दिवस मोजलेले असतात, शेजारून पिठलंभात येतो, काय करायचं ते सांगायला चार म्हातारी माणसं असतात. टायस आणि पर्निलाला तसं सांगणारं कुणी नाही. ती दोघं स्वयंपाकघरात बसून राहतात आणि आपणही त्यांच्याबरोबर बसतो.

डीआरच्या नाट्यविभागानं स्वतःला एक नियम घालून घेतला होता: नुसती गोष्ट चालणार नाही, तिच्या पोटात समाजाबद्दलची दुसरी गोष्ट हवी. म्हणून इथं पोलीस ठाणं आणि शोकाकुल घर यांच्या जोडीला महापौरपदाची निवडणूकही आहे. डेन्मार्कची लोकसंख्या साठेक लाख. आपला पुणे जिल्हा त्याहून मोठा. खून वर्षाला पन्नास-साठ. पडद्यावरचे धरले तर आकडा बराच वाढेल, पण त्यातला प्रत्येक खून सगळ्या गावाला लागतो, हे पटतं.

2011 मधल्या ‘द ब्रिज’ची सुरुवात अचाट आहे. डेन्मार्क आणि स्वीडन यांना जोडणाऱ्या ओरेसुंड पुलावर, अगदी सीमारेषेवर प्रेत. त्यामुळे तपास दोन्ही देशांचा. मालिका उत्तम, पण खुनी जरा जास्तच हुशार. मला कमी हुशार खुनी आणि जास्त कंटाळलेले पोलीस आवडतात.

ती आवड पुरी केली तोबियास लिंडहोल्म यांच्या ‘द इन्व्हेस्टिगेशन’नं, 2020 साली, सहा भागांत. किम वॉल ही स्वीडिश पत्रकार ऑगस्ट 2017 मध्ये मुलाखतीसाठी एका घरगुती पाणबुडीत चढली आणि परत आली नाही, त्या खऱ्या खटल्याची ही मालिका. आरोपी पहिल्या दिवसापासून ताब्यात आहे. तो दिसत नाही, त्याचं नावही कुणी घेत नाही. मीही घेणार नाही. त्यानं आधी सांगितलं, तिला किनाऱ्यावर सोडलं. मग, डोक्यावर झाकण पडून ती गेली. मग, विषारी वायूनं. प्रत्येक वेळी पोलिसांनी ते मुद्देसूद खोटं पाडायचं, आणि सरकारी वकिलांनी म्हणायचं, अजून पुरावा पाहिजे. पाणबुडे कोएगच्या उपसागरात पट्ट्यापट्ट्यानं तळ चाचपतात. त्यातले काही प्रत्यक्ष तपासात उतरलेलेच आहेत. पाण्याच्या प्रवाहांचा हिशेब मांडतात. स्वीडनहून कुत्री आणतात, होडीच्या टोकाशी बसवतात, पाण्याखालचा वास घ्यायला. गोळीबार नाही, पाठलाग नाही. तपासप्रमुख येन्स मुल्लर रोज थोडे जास्त थकलेले दिसतात; घरी गरोदर मुलीला दिलेला शब्द मोडतात आणि तिचा राग निमूटपणे ऐकून घेतात. डॅनिश मालिकांत मी ही सर्वांत वर ठेवतो.

यातली कुठलीही बघा, पण मूळ डॅनिशमध्ये, खालच्या ओळी वाचत. मग मेथी निवडता येत नाही, मोबाइल चाळता येत नाही. नजर हलली की पुरावा गेला. पहिल्यांदाच बघत असाल तर ‘द किलिंग’चं पहिलं पर्व घ्या, आणि घाई न करता रोज एकच भाग. तिसऱ्या भागाअखेर मालिका ज्याच्याकडे बोट दाखवेल, त्याला मात्र सोडून द्या. तो नव्हे.