अप फास्टमधला ब्रिज : नवशिक्यांसाठी नियमावली

ब्रिज सुधारायचा तर आधी बसायला जागा हवी. म्हणून डोंबिवलीकराने बोली शिकण्यापूर्वी ‘रिटर्न’ शिकावे: उलटे कल्याणला जावे आणि त्याच गाडीत बसून परत यावे. हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने 1925 साली बोटीच्या सफरीत या खेळाची गुणपद्धत बसवली. त्याला जागेची ददात नव्हती, त्यामुळे त्याने याबाबत काही लिहून ठेवलेले नाही.

चौघांच्या मांड्यांवर ब्रीफकेस आडवी झाली की भिडू तिरका बसलेला असावा, शेजारी नव्हे. शेजारच्याची पाने दिसतात. दिसली तरी पाहू नयेत. पाहिली तरी बोलू नये.

डाव तुम्ही घेतला असेल तर डमी उघडताच पान ओढू नका. हमखास हात मोजा, कमी किती पडतात ते बघा, मगच पहिले पान टाका. मागे उभे असलेले गृहस्थ ‘अहो, टाका की’ म्हणतीलच. अप गाडीत डाऊन तुम्ही जाणार आहात, ते नाहीत. पाच हुकूम बाहेर असतील तर ते 3-2 फुटण्याची शक्यता 68 टक्के. नुसता फिनेस 50 टक्के. दुसरी वाट असताना फिनेसवर सगळा डाव टाकणाऱ्याने दिव्याला फास्ट थांबेल या भरवशावरही राहू नये.

बिनहुकमी डावात प्रतिपक्षाने बदामाची उतारी केली आणि त्या रंगात तुमच्याकडे एकटा एक्काच कामाचा असेल, तर तो लगेच टाकण्याचा मोह आवरा. दोन्ही हातांतले बदाम मिळवून सातातून वजा करा. तुमचे तीन, डमीचे दोन, म्हणजे पाच, उरले दोन. दोन हात सोडा, तिसऱ्याला एक्का टाका.

बचावात ‘तिसऱ्याने मोठे पान टाकावे’ हे सगळ्यांना पाठ असते आणि तिथेच घात होतो. भिडूने लांब रंगातले वरून चौथे पान उतरवले आहे, सत्ती. अकरातून सात गेले, राहिले चार: म्हणजे भिडूचा हात सोडून बाकी तिघांकडे मिळून सत्तीच्या वरची चारच पाने. डमीवर राणी आणि नव्वी, तुमच्याकडे एक्का आणि गुलाम. झाली चार. डाव घेणाऱ्याकडे सत्ती मारणारे पानच नाही. डमीवरून बारके पान पडले की तुम्हीही तिर्री टाका आणि खिडकीबाहेर पाहा.

भिडूला खूण फक्त पानाने करावी: मोठे पान म्हणजे ‘हाच रंग चालू दे’, बारके म्हणजे ‘पुरे’. पायाने नाही. 1975 साली बर्म्युडाच्या जागतिक स्पर्धेत इटलीचे दोघे पायांनी खुणा करताना सापडले आणि पुढे टेबलाखाली पायांच्या मध्ये आडोसा घालावा लागला. आपल्याकडे तो आडोसा लोकांच्या डब्यांच्या पिशव्या पुरवतात.

घरून आक्षेप आल्यास जकार्ता सांगावे. 2018 च्या आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी याच खेळात सुवर्ण मिळवले, तेव्हा बर्धन साठीचे होते. आक्षेप टिकून राहिला तर विषय बदलावा.

वेळेचे भान ठेवावे. ठाण्यानंतर नवा डाव वाटू नये. घाटकोपरला मेट्रो पकडणारा भिडू पाने तशीच टाकून उठतो. त्या जागी मागच्या गृहस्थांना बसवावे. चारही हात पाहून त्यांनी आतापर्यंत एकही चूक केलेली नाही; आता तेराच पाने दिसतील.