भेस्तानचे भाऊ आणि पिवळा त्रिकोण

सुरतेत उधना आणि सचिन या दोन स्टेशनांच्या मधे भेस्तान. शेजारी पांडेसऱ्याच्या डाइंग मिल, दिवसरात्र लूमची खटखट, आणि कितीतरी गल्ल्यांत धुळे-नंदुरबार-जळगावकडून आलेली माणसं. या वस्तीत ‘भाऊ’ नावाची एक संस्था आहे. भाऊ एकच नव्हे. दोन-तीन सोसायट्यांमागे एखादा तरी असतोच. वय चाळिशीचं, खिशात एक पेनड्राइव्ह, गळ्यात दुसरा, तोंडी अर्धी अहिराणी, अर्धी सुरती, आणि स्क्रीनवर येईल ते इंग्रजी मोठ्याने वाचायची सवय.

भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करत नाहीत. मदरबोर्ड, हार्डडिस्क वगैरे कामं ते ‘दुकानवाल्यांची’ म्हणून उडवून लावतात. त्यांचा प्रांत एकच. युएसबीला काहीतरी जोडलेलं आहे, त्याचा दिवाही लागलेला आहे, आणि तरी कॉम्प्युटर त्याला ओळख देत नाही. इथे अशा वस्तूंना तोटा नाही. घरबसल्या ऑनलाइन साड्या विकणाऱ्या वहिनींचा लेबल प्रिंटर, आधारवर पैसे काढून देणाऱ्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन, एम्ब्रॉयडरीचं डिझाइन काढणाऱ्या पोराचा डोंगल.

भाऊ दारातूनच विचारतात, “कोनी हात लावा व्हता?” हा प्रश्न नसतो, आरोपपत्र असतं. घरात दहावीतला मुलगा असेल तर सगळे आपोआप त्याच्याकडे बघतात. त्याला उठवून भाऊ खुर्चीत बसतात, चहा ‘नको’ म्हणतात (म्हणजे साखर कमी), आणि डिव्हाइस मॅनेजर उघडतात. तिथे पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह दिसलं की त्यांचा चेहरा खुलतो. त्रिकोण नसला तर मात्र ते अस्वस्थ होतात. सगळं ठीक आहे असं सांगणाऱ्या कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास नाही. मग कोड बघायचा. २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही, निवांत काम. १० म्हणजे वस्तू सुरूच होईना. ४३ म्हणजे वस्तूनेच तक्रार केली म्हणून विंडोजने ती बंद केली. ४३ वर भाऊ आधी केबलला शिव्या घालतात, आणि बऱ्याचदा ती त्याच लायकीची निघते.

पण भाऊंची खरी मैफल ऐकायची तर यार्नच्या गोदामात. वजनाचा काटा जुना, त्याला नऊ पिनांची सिरियल वायर. नव्या कॉम्प्युटरला ती घुसवायला जागाच नाही, म्हणून मधे युएसबीची केबल. वजन आपोआप बिलात यायचं. एका रात्री विंडोजने स्वतःहून अपडेट घेतलं आणि सकाळी प्रत्येक बिलावर शून्य किलो. बाहेर टेम्पो उभा, आत शेठ उभे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलीतल्या चिपबद्दल चक्क निरोप लिहिलेला: ही चिप २०१२ पासून बंद आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. नकली चिपांचा सुळसुळाट झाला म्हणून ती चिप बनवणाऱ्या तैवानच्या कंपनीने नव्या ड्रायव्हरातच जुन्या चिपांना दार बंद केलं. सुक्याबरोबर ओलंही जळलं. विक्रेता कोण, तर फुटपाथवर केबली मांडून बसणारा एक माणूस, जो पावसाळ्यानंतर दिसलेला नाही.

भाऊ म्हणतात, “थई जशे,” आणि गळ्यातला पेनड्राइव्ह काढतात. त्यात २००८ चा ड्रायव्हर आहे, आवृत्ती ३.३.२.१०५. भाऊंच्या धाकटीला हा आकडा पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. आपोआप शोधायला सांगितलं तर विंडोज म्हणतं, सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे. भाऊ ते मोठ्याने वाचतात आणि स्क्रीनला विचारतात, “तुले कोन इचारस?” मग यादी उघडून हाताने जुनी आवृत्ती निवडतात. त्रिकोण जातो.

वजन तरी शून्यच. कारण या केबलीला स्वतःचा अनुक्रमांक नसतो. एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात घातली की विंडोज तिला नवी समजून नवा कॉम नंबर देतं, आणि बिलाचं सॉफ्टवेअर जुन्याच नंबरवर वाट बघत बसतं. मोबाइल चार्ज करायला कोणीतरी ती उपटलेली असते. कोणी, हे कधीच उघड होत नाही. भाऊ नंबर बदलतात, बॉड रेट ९६०० ठेवतात, आणि काट्यावर स्वतःचा जेवणाचा डबा ठेवतात. स्क्रीनवर डब्याचं वजन उमटतं. मग घरातून एक टिकली मागवून ती त्या पोर्टच्या डोक्यावर चिकटवतात. भेस्तानात कपाळाला टिकली लावलेला सीपीयू दिसला तर समजावं, भाऊ येऊन गेले.

रिस्टार्ट होईपर्यंतचा वेळ पुराणाला. युएसबीचं पहिलं मानक १९९६ चं, आणि ते घडवणाऱ्यांतले इंटेलचे अजय भट्ट आपल्या बडोद्याचे, हे भाऊ असं सांगतात की जणू दोघं एकाच बाकावर बसत. प्लग दोन्ही बाजूंनी बसेल असा का नाही केला? तर तारा आणि खर्च दुप्पट झाला असता, असं भट्टांनीच पुढे सांगितलं. “बडोद्याचा माणूस, खर्च बघणारच.” दुसरा अध्याय १९९८ चा. विंडोज ९८ दाखवायला बिल गेट्स मंचावर, सहकाऱ्याने युएसबीला स्कॅनर जोडला, आणि भरल्या सभागृहात स्क्रीन निळा. इथे भाऊ थांबतात, घोटभर चहा घेतात. “कारण तिथे आपल्यासारखा कोणी नव्हता.”

हा अभिमान कधीकधी महागात पडतो. एकदा वहिनींच्या मुलाने भाऊ पोचायच्या आत प्रिंटर चालू करून ठेवला. भाऊंनी तपासणी केली, ‘चुकीच्या पद्धतीने चालतोय’ असा निकाल दिला, ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला, आणि प्रिंटर योग्य पद्धतीने चालू केला. फरक कोणालाच कळला नाही. पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत.

ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरूनच घ्यावा, हा जाणकारांचा सल्ला अगदी बरोबर आहे. भाऊंच्या त्याच पेनड्राइव्हवरून व्हायरसही गल्लोगल्ली फिरून आलेले आहेत, हे मी त्यांच्यासमोर बोलत नाही. पण कंपनीनेच ज्याचं नाव टाकलं, त्याचं काय करायचं, यावर जाणकारांकडे एकच उत्तर असतं: नवं घ्या. भाऊंच्या तोंडून हे दोन शब्द मी ऐकलेले नाहीत. ‘झालं’ हाही शब्द ते वापरत नाहीत. फार तर ‘सध्या चालतंय’.

किती द्यायचे विचारलं की ते म्हणतील, “समजून द्या.” तेव्हा नवा काटा, नवी केबल आणि नवं सॉफ्टवेअर यांची बेरीज आधी कागदावर मांडा, आणि मग समजा.