गंगापूर रोडवरून सॅक्रामेंटोला पाठिंबा कसा द्यावा

एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये तीस संघ आहेत आणि त्यांतला एक निवड म्हटलं की गंगापूर रोडचा तरुण डोळे मिटून लेकर्स म्हणतो. संध्याकाळी कॉलेज रोडला एक चक्कर मारली तर पिवळ्या जर्सीतली चार पोरं गाडीला टेकून उभी दिसतातच. लेकर्स हा संघ आहे की कपड्यांची कंपनी, हे त्यांतल्या दोघांना तरी ठाऊक नसतं. त्यांचं बरं चाललंय, त्यांना मार्गदर्शनाची गरज नाही. ज्यांना ऑक्टोबर ते एप्रिल, सकाळच्या वेळी, घरच्यांच्या देखत, नियमितपणे हरायचं आहे अशा गंभीर इच्छुकांनीच पुढे वाचावं.

संघ घ्यायचा तो सॅक्रामेंटो किंग्ज. नाशिककराला दुसरा संघ शोभत नाही. सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्नियाची राजधानी, पण कॅलिफोर्निया म्हटल्यावर ती कुणाला आठवत नाही. सगळा झगमगाट दीडशे किलोमीटरच्या आत समुद्रकाठच्या सॅन फ्रान्सिस्कोला. इकडे गावातून नदी वाहते, भोवती शेती, आणि थोडं दक्षिणेला गेलं की लोडायच्या द्राक्षबागा आणि वाइनरी सुरू होतात. नदी, द्राक्षं आणि मोठ्या शहराकडे बघून सोडलेले सुस्कारे, इतकी सामग्री आपल्याकडे आधीपासून तयार आहे. शिवाय २०१३ साली हा संघच उचलून सिएटलला नेण्याचं घाटत होतं. 'आपल्याकडचं सगळं दुसरीकडे पळवतात' हे वाक्य ज्याला पाठ आहे, त्याला सॅक्रामेंटोचं दुःख समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं कारण घरच्यांसाठी. तुम्ही मॅच बघत असताना शेजारचे काका पेपर परत द्यायला येणार आणि टीव्हीसमोर उभे राहणार, हे धरून चालावं. संभाषण साधारण असं होतं.

"काय रे, हे कोण खेळतंय?"

"सॅक्रामेंटो किंग्ज, काका."

"आपला कोण आहे त्यात?"

इथे बाकीच्या एकोणतीस संघांच्या चाहत्यांची वाचा बसते. आपण शांतपणे उत्तर द्यावं, "मालक आपले आहेत. विवेक रणदिवे."

काका खुर्ची ओढून बसतात. "रणदिवे? कुठले?"

"मुंबईचे. जुहूला वाढले, मग एमआयटीला गेले."

"ते झालं रे. मूळचे कुठले?"

याचं उत्तर तयार ठेवू नये. काका स्वतःच दोन-चार तालुके सुचवतात आणि तोवर पहिला क्वार्टर संपतो. 'खेळणारा कोणीच नाही का आपला?' असा पुरवणी प्रश्न आला तर सिम भुल्लरचं नाव सांगावं. भारतीय वंशाचा पहिला खेळाडू एनबीएच्या मैदानात उतरला तो याच किंग्जकडून, एप्रिल २०१५ मध्ये. उंची सात फूट पाच इंच. तो एकूण तीन मॅच खेळला, त्याही जेमतेम काही मिनिटं, हे काकांना सांगितलंच पाहिजे असं नाही. उंचीवर ते समाधानी असतात.

मालकांचा पूर्वेतिहास मात्र स्वतःला नीट माहीत हवा, कारण संघाचा स्वभाव त्यातच आहे. किंग्ज घेण्याआधी रणदिवे यांचा शेजारच्या गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये हिस्सा होता. तो विकून त्यांनी २०१३ मध्ये किंग्ज घेतले. वॉरियर्स २०१५ ला जिंकले, मग २०१७ ला, २०१८ ला आणि २०२२ लाही. गंगापूर रोडवर प्रत्येक खानदानात एक काका असे असतातच, ज्यांनी आनंदवल्लीकडचा प्लॉट भाव चढायच्या ऐन तोंडावर फुंकून टाकला आणि आता जेहान सर्कलवरून जाताना ते खिडकीबाहेर बघत नाहीत. किंग्जचा अर्वाचीन इतिहास हा त्या काकांचा इतिहास आहे. प्राचीन इतिहास असा, की संघाने एकमेव अजिंक्यपद मिळवलं ते १९५१ साली, आणि तेही रॉचेस्टर गावात, रॉयल्स या नावाने. मग सिनसिनाटी, कॅन्सस सिटी अशी बिऱ्हाडं करत १९८५ ला स्वारी सॅक्रामेंटोला आली. अजिंक्यपदाचं सामान वाटेत कुठेतरी राहिलं.

आता वेळापत्रक. हंगामात ८२ मॅच असतात, त्यांतल्या ४१ घरच्या. सॅक्रामेंटोत संध्याकाळी सातला सुरू होणारी मॅच आपल्याकडे सकाळी साडेसातला दिसते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकन लोक घड्याळं तासभर मागे घेतात, तेव्हापासून साडेआठला, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी ती पुढे केली की पुन्हा साडेसातला. या दोन्ही तारखा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवाव्यात. तिथे आधीच गॅस सिलिंडर लावल्याची नोंद असते, तिच्या खाली लिहाव्यात, वर नकोत.

सकाळी साडेआठ ही वेळ ऐकायला सोयीची वाटते. प्रत्यक्षात घरातली सगळी कामं तिच्यावर टपून बसलेली असतात. दुसऱ्या क्वार्टरला मिक्सर लागतो. हाफटाइमला मावशी केर काढायला येतात आणि नेमक्या टीव्हीपुढेच उभ्या राहून पाय वर घ्यायला सांगतात. ते निमूटपणे घ्यावेत, त्या वाकल्या की स्कोअर दिसतो. खरा प्रसंग चौथ्या क्वार्टरचा. तीन मिनिटं उरलेली, किंग्ज दोन पॉइंटांनी मागे, प्रतिस्पर्ध्याचा फ्री थ्रो, आणि खालून घंटागाडी वाजते. ओला डबा, सुका डबा, दोन्ही तुमच्या नावावर. अनुभवी चाहता टाइमआउटची वाट बघत नाही. तो चप्पल न घालता दोन डबे घेऊन जिना उतरतो आणि मोबाइल शर्टाच्या खिशात, आवाज चालू ठेवून. गाडीवरचा माणूस 'सुक्यात ओलं टाकलंय' म्हणून थांबवतो तेव्हा खिशातून मोठा आरडाओरडा होतो. तो आपल्या बास्केटचा की त्यांच्या, हे वर येईपर्यंत कळत नाही. बहुधा त्यांच्या.

किंग्ज पूर्व किनाऱ्यावर खेळायला गेले की मॅच पहाटे साडेचार किंवा साडेपाचला. डिसेंबरात नाशिकची थंडी लक्षात घेता या मॅच गोधडीत, एक इअरफोन कानात आणि एक कान घराकडे ठेवून बघाव्यात. बाबा कृषीनगरच्या ट्रॅकला फिरायला निघताना खोलीत डोकावतात आणि विचारतात, "रात्रभर जागाच का?" "नाही बाबा, आत्ताच उठलो," हे उत्तर खरं असल्यामुळे ठामपणे देता येतं. अशा दहा-पंधरा पहाटेनंतर नातेवाइकांत तुम्ही एमपीएससीचा अभ्यास करत असल्याची बातमी पसरते. तिचं खंडन करू नये. परीक्षा कधी आहे असं कुणी विचारलं तर एप्रिल सांगावं, ते खोटं नाही.

रविवारची गोष्ट वेगळी. तिकडची शनिवार रात्रीची मॅच म्हणजे इकडची मिसळीची वेळ, आणि नाशिकमध्ये मिसळ चुकवणाऱ्याला कोणताही संघ माफ करत नाही. मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून उभा करावा, पापडाच्या ताटलीमागे. काळ्या रश्शाचा थेंब स्क्रीनवर उडला तर बोटाने पुसू नये, बोटाने पुसल्यावर मॅच पुढे पळते आणि डॉमंटास साबोनिस एका क्षणात फाउल करून बेंचवर बसलेला दिसतो. टिश्यूने पुसावा. समोर बसलेल्या मित्रांना नियम समजावू नयेत. त्यांनी विचारलंय ते 'अजून एक पाव सांगू का' असं असतं.

जिंकल्यावर काय करायचं हेही ठरलेलं असावं, जरी त्याची तयारी फार काळ वापराविना पडून राहते. सॅक्रामेंटोत २०२२-२३ च्या हंगामापासून अशी प्रथा आहे की किंग्ज जिंकले की कुणीतरी मोठं बटण दाबतं आणि गोल्डन वन सेंटर या त्यांच्या स्टेडियमच्या छतावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत सरळ आभाळात जातो. त्याला बीम म्हणतात. गंगापूर रोडवर दिवाळीतला जांभळा आकाशकंदील काढून न ठेवता गॅलरीत तसाच टांगता ठेवला की काम भागतं. पंचाईत इतकीच की आपल्याकडे विजय सकाळी अकराला होतो. उन्हात लावलेला कंदील कुणाला दिसत नाही, फक्त सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'तिसऱ्या मजल्यावर दिवसा लाइट चालू आहे' असा निरोप पडतो. त्याला अंगठा द्यावा.

त्याच हंगामात हा कंदील खरोखर जळला. २००६ नंतर सलग सोळा हंगाम किंग्ज प्लेऑफला पोचले नव्हते, आणि एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ कुणाच्याच वाट्याला आलेला नाही. मग ४८ मॅच जिंकून ते पश्चिमेत तिसरे आले. पहिल्याच फेरीत समोर कोण, तर वॉरियर्स. तेच, हिस्सा विकलेले. सात मॅचची मालिका सातव्यापर्यंत ताणली गेली. ती सातवी मॅच तिकडे ३० एप्रिलच्या दुपारी झाली, आपल्याकडे मध्यरात्र उलटून महाराष्ट्र दिन लागला होता. स्टेफन करीने एकट्याने ५० पॉइंट केले. सातव्या मॅचमध्ये त्याआधी कुणीच इतके केले नव्हते. पहाटे कंदिलाचा प्लग काढून ठेवावा, आणि सकाळी झेंडावंदनाला डोळे सुजलेले का, असं कुणी विचारलं तर राज्याविषयीचा जिव्हाळा हे कारण पुरेसं आहे.

जर्सीविषयी एकच नियम, पण तो काटेकोर. पाठीवर नाव असलेली घेऊ नये. फेब्रुवारीत खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते, तेव्हा ज्याचं नाव तुम्ही पाठीवर घेऊन हिंडता तो सकाळी उठल्यावर दुसऱ्या गावचा झालेला असतो. टायरीस हॅलिबर्टन २०२२ च्या फेब्रुवारीत इंडियाना पेसर्सला गेला. बदल्यात साबोनिस आला, माणूस गुणी आहे, तक्रार नाही. पण हॅलिबर्टनने पेसर्सना २०२५ च्या अंतिम फेरीत नेलं. डीअॅरन फॉक्स, ज्याच्या जिवावर बीम पेटायचा, तो २०२५ च्या फेब्रुवारीत सॅन अँटोनिओला गेला. शहाण्याने कोरी जांभळी जर्सी घ्यावी. आईला विचारलं तर ती रणदिव्यांचंच नाव घाल म्हणते, निदान ते तरी कुठे जात नाहीत. सूचना विचार करण्यासारखी आहे.

संघ कधी प्रत्यक्ष पाहायला मिळाला तर सोडू नये. एकदा मिळाला होता. २०१९ च्या ऑक्टोबरात ४ आणि ५ तारखेला किंग्ज मुंबईत आले, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, ऐन नवरात्रात. एनबीएच्या मॅच भारतात पहिल्यांदाच होत होत्या. रणदिवे आपल्या जन्मगावी आपला संघ घेऊन आलेले. समोर इंडियाना पेसर्स. पहिली मॅच ओव्हरटाइमला गेली आणि किंग्ज १३१-१३२ अशी एका पॉइंटने हरले. दुसरी २४ पॉइंटांनी हरले. कसारा घाट उतरून वरळीपर्यंत जाणाऱ्याला एका गावात दोन प्रकारचा पराभव एकाच तिकिटाच्या खर्चात पाहायला मिळत नाही, दोन तिकिटं काढावी लागतात. ही माहिती पुढच्या दौऱ्यासाठी जपून ठेवावी.

अधूनमधून कुणीतरी विचारतं, इतक्या लांबचा संघ कशाला, आपल्याकडे काही नाही का? होतं. २०१५ पासून दोन-तीन वर्षं यूबीए नावाची व्यावसायिक लीग चालली, तिच्यात मुंबई चॅलेंजर्स होते आणि पुणे पेशवाज होते. नाशिकच्या माणसाने यांतलं काय निवडायचं होतं, ते विचारणाऱ्यानेच सांगावं. पेशवाजला पाठिंबा देऊन डोंगरे वसतिगृहाच्या मैदानासमोर राहता येत नाही.

एप्रिलच्या मध्यावर नियमित हंगाम संपतो. पश्चिमेतल्या पंधरांपैकी पहिले सहा थेट प्लेऑफला जातात, सातवा ते दहावा यांची आपसांत प्ले-इन होते. किंग्जच्या चाहत्याने आपली रजा या आठवड्यात टाकावी, त्यानंतरची बहुधा लागत नाही. २०२४ ला प्ले-इनमध्ये त्यांनी वॉरियर्सना हरवलं, आणि गॅलरीत भर उन्हात कंदील लागला. तीन दिवसांनी न्यू ऑर्लीन्सकडून हरले. २०२५ ला डॅलसने घरच्या मैदानात येऊन घरी पाठवलं, म्हणजे होते तिथेच.

पुढे मे आणि जून मोकळे जातात. त्यात आंबे खावेत, पाहुण्यांना सोमेश्वरचा धबधबा दाखवावा. धबधब्याला पाणी नसेल तरी दाखवावा. जूनच्या शेवटी ड्राफ्ट असतो, आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास. हरणाऱ्या संघांना नवे खेळाडू आधी निवडायला मिळतात, म्हणजे हा दिवस खास आपल्यासाठी राखलेला. २०१८ ला किंग्जची पाळी दुसरी होती. त्यांनी मार्विन बॅग्ली घेतला. तिसऱ्या क्रमांकावर लुका डॉनचिच गेला. डॉनचिच पुढे काय झाला हे कॉलेज रोडच्या पिवळ्या जर्सीवाल्यांना विचारावं, त्यांच्या पाठीवर आता त्याचंच नाव आहे. बॅग्लीला दुखापती झाल्या नसत्या तर, या वाक्याने सुरुवात करून वाद घालता येतो. तो जिंकता येत नाही, पण पावसाळा निघून जातो.

सप्टेंबर संपता संपता बँकेचा मेसेज येईल. ज्यावर या मॅच दिसतात त्या लीग पासचं नूतनीकरण आपोआप होतं. ते थांबवायचं बटण ॲपमध्ये कुठे आहे याची चौकशी करू नये, आणि मेसेज बाबांच्या मोबाइलवर जात असेल तर त्यांना तो एमपीएससीच्या टेस्ट सिरीजचा आहे असं सांगावं.