पार्का कसा निवडावा : वाशिम जिल्ह्यातील नवशिक्या महिलांसाठी

ही मार्गदर्शिका वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा अशा सहाही तालुक्यांतल्या त्या भगिनींसाठी आहे, ज्यांनी पार्का आजवर फक्त मोबाइलवरच्या जाहिरातीत पाहिला. पार्का म्हणजे मांडीपर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत येणारं, आत पिसं नाहीतर पॉलिस्टर भरलेलं, मागे केसाळ काठाची टोपी जोडलेलं जाकीट. ध्रुवाकडच्या इन्युइट बायका ते सील आणि रेनडियरच्या कातड्याचं शिवायच्या. जाहिरातीत लिहिलेलं असतं : उणे वीस अंशांपर्यंत ऊब, वारा-पाऊस-बर्फापासून संपूर्ण संरक्षण. वाचून दडपून जाऊ नका. त्यातलं बरंचसं आपल्याला लागणार नाही, आणि जे लागेल ते त्यात नसेल.

पायरी पहिली : थंडी ओळखा. जाहिरातीतली बाई बर्फात उभी असते आणि दिवसभर नुसती उभीच असते. आपल्याकडे पहाटे दहा-बारा अंशांत दात वाजतात आणि दुपारी एकला तिशीच्या आसपासचं ऊन डोक्यावर असतं. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा विदर्भातल्या आपणा सर्वांना पार्का शोभला असता. पण असा दिवस रोज येत नाही. म्हणजे पार्का अंगात राहणार साडेआठ-नऊपर्यंत. पुढे तो धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेला असेल. तेव्हा घेताना पहिला प्रश्न उबेचा नाही, वजनाचा विचारा. परत येताना डोक्यावर सरपणाचा भारा, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात विळा असतो. पार्का कुठल्या हातात धरणार? बाभळीखाली शेळी बांधलेली असेल तर तो तिच्या तोंडाला लागणार नाही, एवढी उंच फांदीही बघून ठेवा.

पायरी दुसरी : थर चढवा. परदेशी तज्ज्ञ सांगतात, आत घाम टिपणारा थर, मध्ये ऊब धरणारा, बाहेर वारा अडवणारा. हे शास्त्र आपल्या बायका कुणी न शिकवता पाळतात. साडी, त्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर पोराचा आखूड झालेला शाळेचा स्वेटर, डोक्याला कानांवरून घट्ट बांधलेला स्कार्फ. तज्ज्ञांपेक्षा एक थर जास्तच. या चारांतला एकही बहुधा तिच्या मापाचा घेतलेला नसतो, पण मापाचं आपण पुढे पाहू.

आता खरा तांत्रिक प्रश्न : पदर पार्क्याच्या आत की बाहेर? कुठल्याही माहितीपत्रकात याचं उत्तर नाही. पदर आत घेतला तर ऊब राहते, पण समोरून सासरे आले की डोक्यावर घ्यायला पदर सापडत नाही. बाहेर ठेवला तर काठ चेनमध्ये अडकतो आणि चेनही जाते, काठही जातो. चेन वरून आणि खालून अशी दोन्हीकडून उघडणारी असेल तरच पार्का घ्या. मोटरसायकलवर दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसताना खालची चेन गुडघ्यापर्यंत उघडता आली पाहिजे, नाहीतर बसणं हाच व्यायाम होतो. अशा बसण्यात तोंड डावीकडे असतं आणि गाडीचा सगळा वारा उजव्या कानात शिरतो. त्यामुळे मालेगावहून पहाटे वाशिमला दवाखान्यात निघालेल्या बाईचा उजवा कान हीच पार्क्याची खरी चाचणी, उणे वीस अंश नव्हे.

पायरी तिसरी : आत काय भरलंय ते विचारा. महाग पार्क्यात बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं असतात. वजन कमी, ऊब फार. पण भिजली की गोळा होतात आणि ऊब संपते. पॉलिस्टर थोडं जड, पण ओलं झालं तरी बरीच ऊब धरून ठेवतं. शिवाय घरात माळकरी आजी असेल, किंवा तुम्ही कारंज्याच्या नाहीतर शिरपूरच्या जैन घरातल्या असाल, तर बदकाचा विषय दारातच संपतो. राहिला आपला कापूस. वऱ्हाडाने जगाला कापूस पुरवला, पण पार्क्यात त्याला जागा नाही, कारण तो पाणी पितो आणि लवकर सुकत नाही. गोधडीत मात्र त्याला तोड नाही, आणि गोधडीला चेन लागत नाही. पॉलिस्टरच घ्या. हा पार्का पुढे दगडावर धोपटून धुतला जाणार आहे, हे कंपनीला ठाऊक नसलं तरी तुम्हाला ठाऊक आहे.

पायरी चौथी : पाणी कुठून येतं ते बघा. लेबलावर ‘१०,००० मिमी’ असं काहीतरी असतं. त्याचा अर्थ, कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही. आपल्याकडे हिवाळ्यात असा स्तंभ सहसा उभा राहत नाही. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चसारखी गारपीट झाली तर जाकीट घातलेली बाई वाचेल, गहू-हरभरा वाचणार नाही, आणि मग कोरड्या जाकिटाचं सुख किती हा वेगळा प्रश्न. आपलं हिवाळ्यातलं पाणी वरून येत नाही, खालून येतं. पहाटे तूर सोंगायला गेलेल्या बाईच्या निऱ्या दवाने गुडघ्यापर्यंत भिजतात आणि ओलं लुगडं पिंडऱ्यांना चिकटून बसतं. हरभऱ्यात तर दवाबरोबर पानांवरची आंब येते. ती आंबट, औषधाला म्हणून रात्री फडकं पसरून जमवतात तीच. भेगाळलेल्या टाचेला ती लागली की बाई थंडी विसरते आणि दुसऱ्याच गोष्टीने कळवळते. गुडघ्याच्या वर थांबणारा कोणताही पार्का इथे निरुपयोगी आहे. घोट्यापर्यंतचा मागा. दुकानदार हसेल, हसू द्या.

रात्रीचं तर बोलायलाच नको. पंपाची थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत आली की गव्हाला पाणी रात्रीच द्यायचं. नवरा मोटर चालू करतो आणि बाई हातात फावडं घेऊन वाफ्याचं तोंड फोडते. पाय चिखलात, हात गार पाण्यात. या कामासाठी कंपन्यांनी अजून काही बनवलेलं नाही.

पायरी पाचवी : हूड, म्हणजे मागची टोपी. अंबाडा आत मावतो का बघा. तांड्यावरच्या जुन्या बंजारा बाया केसांत घुगरी-टोपलीचे दागिने घालत, त्यांच्यावर कुठलाच हूड बसला नसता. घोंगडीची किंवा पोत्याची खोळ मात्र सगळ्यांना बसते.

पायरी सहावी : खिसे. इथे घाई करू नका, कारण बायांच्या कपड्यात कधी नसलेली ही चीज आहे. चांगल्या पार्क्याला सहा-सात खिसे असतात. एकात मोबाइल, एकात आधार कार्डाची झेरॉक्स, एकात बचत गटाचे पैसे, एकात मिसरीची डबी, आणि तरी दोन उरतात! आजवर हा सगळा संसार ब्लाउजमध्ये नाहीतर कमरेला खोचलेल्या चंचीत राहिला. नवऱ्याचा शर्ट बाया शेतात घालतात तो कापसाच्या बोंडांनी हात ओरबाडू नयेत म्हणून. पण त्याचा एकुलता एक खिसाही कामाला येतो. आणखी एक माहिती : इन्युइट बायकांच्या पार्क्याला पाठीवर, टोपीच्या खाली, तान्ह्या लेकरासाठी मोठी खोळ असते. लेकरू आईच्या उबेत राहतं आणि तिचे दोन्ही हात मोकळे. शहरातल्या दुकानात पार्का आला तोवर नेमका हा भाग गळाला. झाडाला झोळी बांधून कापूस वेचणाऱ्या बाईने दुकानदाराला हा भाग नक्की मागावा.

पायरी सातवी : किंमत. बरा पार्का पंधरा हजारांना धरा. बाईचा रोज तीनशे रुपये धरला तर झाले पन्नास रोज, म्हणजे हिवाळाच संपला. नोव्हेंबरात सोयाबीन विकून पैसा येतो खरा. तो आधी कृषी केंद्राची उधारी फेडतो, मग रब्बीचं बियाणं, मग पोरांची फी, मग पोरांचे स्वेटर, मग म्हाताऱ्याची शाल, मग घरधन्याचं जाकीट, कारण त्याला बाहेर जावं लागतं. पहाटे चारला अंगण झाडायला, पाणी भरायला, चूल पेटवायला जी उठते ती घरातच असते ना, असा हिशेब. यादी तिच्यापर्यंत येईस्तोवर संक्रांत येते. तिने स्वतःहून मागितलंच तर सासूबाई म्हणतात, “काय व, गादीच अंगात घालून हिंडतं काय आता?”

एवढ्या पायऱ्या चढल्यावर आमचा निकाल असा : पार्का घेऊ नका. मुलगी शिकायला कॅनडाला निघाली असेल तर तिनेही तो तिकडेच घ्यावा, तिकडच्या थंडीला काय लागतं ते तिकडच्याच दुकानदारांना कळतं. घरच्या बाईसाठी पुढून चेनचा, मनगटापर्यंत बाह्यांचा, दोन खोल खिशांचा लोकरी स्वेटर पुरे. विदर्भातल्या मोठ्या शहरांत हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटरांची दुकानं मांडतात. त्यांची एक वसाहत १९७२पासून आपल्याच विदर्भात, आता गोंदिया जिल्ह्यात असलेल्या गोठणगावला आहे. माल बहुतेक लुधियानाचा असतो आणि भाव करता येतो. फक्त स्वेटर अंदाजाने आणू नका, तिला सोबत न्या. साडीवर घालून पाहू द्या, हात वर करून पाहू द्या, खिशात मूठ मावते का तेही पाहू द्या. आणि दिवाळी झाली की लगेच जा. संक्रांतीनंतर ही दुकानं आवरायला लागतात.