गडग्यावरची हॅटट्रिक

"मेस्सी-बिस्सी राहू दे रे बाजूला. नेव्हिल डिसोझा माहीत आहे का तुला?"

आमच्या सावंतवाडीच्या वाडीत गजालींचा पहिला गोल नेहमी अण्णांचाच. मुंबईत नोकरी संपवून आलेले अण्णा गडग्याच्या अलीकडे. पलीकडे काकी, माहेर म्हापशाचं, हातात अर्धवट ओवलेला अबोलीचा वळेसर. काकींचा नातू मेस्सीची जर्सी घालून मधोमध गडग्यावर चढलेला.

"नेव्हिल? तो आमचाच," काकी म्हणाल्या. "बार्देशातल्या आसगावचा."

"वहिनी, मूळ आसगावचा असेल, पण खेळला मुंबईत. टाटा स्पोर्ट्स, मग कॅल्टेक्स. १९५८ साली कॅल्टेक्सने रोव्हर्स कप मारला ना, तेव्हा कूपरेजवर वडिलांच्या खांद्यावर बसून फुटबॉल बघायचो मी."

"खांद्यावर? अण्णानू, दहा वर्षांचा घोडा होतात तेव्हा!"

"म्हणून तर हाफटाइमला उतरवायचे."

"पण त्याने केलं काय, अण्णा आजोबा?" नातवाने विचारलं.

अण्णा याचीच वाट बघत होते. "१ डिसेंबर १९५६. मेलबर्न ऑलिंपिक, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. त्यांनी फेडला. तेहेतिसाव्याला परत नेव्हिल. तोही फेडला. हाफटाइमला २-२. पन्नासाव्या मिनिटाला तिसरा! मग किट्टूने चौथा घातला, ४-२. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई माणूस!"

"सांगतात तर असे, जसा पास ह्यांनीच दिला. अहो, देशात टीव्ही नव्हता तेव्हा!"

"पास द्यायला उजवीकडे पीके बॅनर्जी होता, मला कोण विचारतो? मी नुसता हिशेब ठेवतो."

एवढ्यात काकींचे यजमान, तात्या, पडवीतून सरकले. "ह्यातली गंमत बघा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा. मूळ गाव सालाझारच्या राज्यात आणि गोल भारतासाठी!"

"मग सेमीफायनल," अण्णांनी चेंडू परत आपल्याकडे घेतला. "समोर युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत ह्यांनीच आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. आणि इथे बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने मारला, आपण चक्क पुढे!"

"जिंकलो?"

"दोन मिनिटं पुढे होतो. शेवटी ४-१ हरलो."

नातू फिदीफिदी हसला.

"हसू नको. दहाचे चार करायला कोच रहीमसाहेबांनी चार वर्षं पोरांना घासलं होतं. ब्राँझसाठी बल्गेरियाशी खेळलो, तिथे ०-३. चौथा नंबर. स्पर्धेत सगळ्यात जास्त, चार-चार गोल करणारे तिघे, त्यातला एक आपला नेव्हिल. पण चौथ्याच्या गळ्यात काही पडत नाही."

तात्या म्हणाले, "आणि ती मॅच ७ डिसेंबरची. आदल्या दिवशी बाबासाहेब गेले. सगळी मुंबई दादरला अंत्ययात्रेत. फुटबॉल कोणाला सुचणार?"

"त्या दिवसाचं समजलं," काकींनी दोरा दाताने तोडला. "पण पुढे कोण आडवं आलं? अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाला, नेव्हिलला एकदाही नाही. १९८० साली गेला बिचारा. आणि आता 'मुंबईचा, मुंबईचा' करत अण्णा पुढे!"

"आणि 'आमचाच' कोण म्हणालं मघाशी?"

"मी माहेरची. माझा हक्क आहे."

"अहो, त्याच्या गुरूची आठवण झाली तीसुद्धा 'मैदान' सिनेमा आला तेव्हा," तात्या म्हणाले. "रहीमसाहेबांचा रोल अजय देवगणने केला म्हणून."

"मग ह्या पोराच्या पुढच्या जर्सीवर मेस्सी नको, नेव्हिल छापून घ्या," अण्णांनी फर्मान काढलं.

"नंबर काय घालू?" नातू.

"नऊ!" अण्णा आणि काकी एकदमच. "सेंटर फॉरवर्ड म्हणजे नऊच."

तात्यांनी चष्मा वर केला. "छान. एवढं एकमत झालंच आहे, तर जर्सीचे पैसे गोवा देणार की मुंबई, तेही आजच ठरवून टाका."