नाव अमेरिकेचं, काम पोट्ट्याचं

अहो वहिनी, जरा कुंपणाशी या. ऐकलंत का? तो चौकातला सेतूवाला पोट्टा... हो हो, तोच, अमेरिकेचं नाव सांगून अख्ख्या बाभुळगावाला गंडवणारा! बिंग फुटलं त्याचं. काल माझ्या जावेचा भाचा आला होता धामणगावहून, तो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. चहा पिता पिता सगळं ओकला.

आठवतो ना 2024 चा जुलै? लाडक्या बहिणीच्या फॉर्मची झुंबड, त्यात एक रुपयाचा पीकविमा. बुधवारी आषाढी एकादशी झाली अन् शुक्रवारी, 19 तारखेला, आपण सगळ्या लाइनीत. पोट्ट्यानं कॉम्प्युटर सुरू केला की निळा पडदा. पुन्हा सुरू, पुन्हा निळा. त्याचं तोंड असं उतरलेलं, की मलाच कीव आली. मग दुपारी मोबाइलवर बातमी आली, मुंबईच्या विमानतळावरही कॉम्प्युटर निळे पडले, इंडिगोवाले बोर्डिंग पास हातानं लिहून देताहेत. झालं! पोट्टा एकदम ताठ. "पाहा मावशी, जगभर बंद हाये. फॉल्ट अमेरिकेत, मी काय करू?" त्यावर ती कोपऱ्यावरची आजी काय म्हणाली माहितीये? "मंग माहा फॉर्म अमेरिकेत नेऊन देऊ का रे?" हसलो सगळ्या, पण गेलो ना मुकाट्यानं घरी!

तर काय सांगत होते... हां, भाचा. तो म्हणतो, ते क्राउडस्ट्राइकचं प्रकरण खरंच होतं. मोठमोठ्या कंपन्या राखणीला ठेवतात ते सॉफ्टवेअर, त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या पार गाभ्यात बसतो. त्या दिवशी कंपनीनं एक चुकीची फाइल धाडली. हाताशी रकाने 20, अन् फाइल म्हणते 21 वा वाच! नसलेलं वाचायला गेला, अन् पडला. गाभ्यातलाच पडला तर विंडोज कशाच्या जोरावर उभं राहणार? जगात 85 लाख कॉम्प्युटर बंद. फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण पडलेल्यांपैकी कितीतरी एकेक करून सेफ मोडमध्ये नेऊन ती पुसावी लागली.

आता गंमत ऐका. ती फाइल सुटली आपल्या घड्याळात शुक्रवारी सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी. अन् पोट्ट्याचा कॉम्प्युटर? गुरुवारी संध्याकाळीच निळा झाला होता! क्राउडस्ट्राइक तर त्याच्याकडे कधी नव्हतंच.

मग झालं काय? एक अँटिव्हायरस होताच. पोर्टल हळू चालतं म्हणून पठ्ठ्यानं कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून दुसराही टाकला. दोघांचेही ड्रायव्हर गाभ्यात, कोणतीही फाइल उघडली की आधी मी तपासणार, आधी मी! एका बैलजोडीचे कासरे दोघांनी ओढले, की गाडी नालीत.

शनिवारी रात्री भाच्याला गुपचूप बोलावलं, शटर अर्धं खाली. यानं कॉम्प्युटर सुरू होता होता बंद केला, असं दोन-तीनदा, तेव्हा दुरुस्तीचा पडदा आला. तिथून सेफ मोड. नवा अँटिव्हायरस काढला, त्याचे मागे उरलेले ड्रायव्हर सफाईच्या टूलनं झाडले, रिस्टार्ट... अन् चालू! वर बजावलंही, "एका वेळी एकच ठेव, अन् काही नवं टाकण्याआधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवत जा." पोट्टा काय म्हणाला? "दादा, बाहेर बोलू नको."

अहो, त्या क्राउडस्ट्राइकच्या सीईओनं टीव्हीवर येऊन माफी तरी मागितली. मदत करणाऱ्यांना खाण्यापिण्याचं 10 डॉलरचं कूपन पाठवलं म्हणे... काहींचं चाललंच नाही, ते सोडा. आपल्या पोट्ट्यानं रात्रभर जागलेल्या भाच्याला साधा चहा नाही विचारला! म्हणून तर काल माझा कपभर चहा पोटात गेल्याबरोबर त्याचं तोंड सुटलं. आता तुम्ही कुणाला सांगू नका हं. त्या आजीला मी सकाळीच सांगून आले.